सीमेवर राहिलेले पाय

मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. शिवणयंत्राचा. म्हणजे माझ्यावर यंत्र होते. आता काय आहे, ते शेवटी सांगतो.

मित्रांनो, मी खालचा. माणसे पावलांवरून ओळखतो. माझ्यावर शिवणाऱ्या बाईंची पावले भेगाळलेली, पण तालात पक्की. त्यांच्या उजव्या हाताची बोटे आखडलेली होती. हाताने चाक फिरवून शिवणे त्यांना जमत नसे. "माझे खरे हात खाली आहेत," असे त्या गिऱ्हाइकांना सांगत. मी फुगून जाई. पुढे गिऱ्हाइके आटली. माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग साचू लागले.

मग देश सोडायचे ठरले. सीमेपलीकडे शिवणकाम मिळणार होते. बाईंच्या नवऱ्याने यंत्र माझ्यापासून सोडवले आणि बिजागरीचे स्क्रू आपल्या आईच्या बटव्यात टाकले. घरची खोडच ती: बारीकसारीक सगळे म्हातारीकडे.

नाक्यावर म्हाताऱ्यांची रांग वेगळी निघाली. सासूबाई केव्हाच पलीकडे पोचल्या. माझ्यापुढे बूट थांबले.

"एका कुटुंबाला एकच यंत्र. हे दोन नग आहेत."

"अहो साहेब, एकाचेच दोन तुकडे!"

"मग जोडून दाखवा."

"स्क्रू आईकडे आहेत."

"आणि आई?"

नवऱ्याने बहुधा फाटकापलीकडे बोट दाखवले. रांगेत कुणीतरी खिदळले, "पाय ठेवा, डोकं न्या! बरेच जण उलटं करतात."

"आई, बटवा!" तो ओरडला. ट्रकांच्या गोंगाटात तिला काय कळणार?

"हात हलवतायत हो त्या," बाई म्हणाल्या. "आपण निरोप देतोय असं वाटलं त्यांना."

पलीकडची बस हॉर्न देऊ लागली.

"अगं, चल!"

"याच्याशिवाय शिवू कशी?"

"तिकडे बघू काहीतरी."

तिकडे. ते कुणी पाहिले होते? बाईंनी चप्पल काढून माझ्यावर पाऊल ठेवले. दाबले. मग ती पावले

इथे माझी गोष्ट तुटते. पलीकडचे मला दिसले नाही.

आता माझ्यावर फळी आहे, फळीवर चहाचे कप. नाक्यावरचा शिपाई बसल्या बसल्या माझ्या पायपट्टीवर पाय हलवतो. माझे चाक करकरत फिरते. शिवत काहीच नाही.

मला तेल घाला, असे म्हणणार होतो. राहू द्या. मित्रांनो, पलीकडे कुठल्या खोलीत बिनपायांचे यंत्र पुढ्यात घेऊन बसलेली बाई दिसली, तर तिला एखादा स्टँड मिळवून द्या. माझाच हवा असे काही नाही.