काउंट ऑन मी

पेपरच्या आदल्या दुपारी आयुष तापानं फणफणला आणि धम्मानंदपुढं पेच उभा राहिला. जन्मापासून अंध असलेल्या धम्मानंदचे पेपर आजवर हाच चुलतभाऊ लिहून देत आला होता. उद्या बी.ए.चा शेवटचा पेपर, इंग्रजीचा. उत्तरं तो सांगेल, पण लिहिणार कोण?

कॉलेजच्या सरांनी वारंगा फाट्यावर शिवणकाम करणाऱ्या संगिताताईचं नाव सुचवलं. तांड्यावरची ही बाई बारावी पास, अक्षरही देखणं. सरांनी धावपळ करून परवानगी काढली. संध्याकाळी तिचा मेसेज आला. मोबाइलनं तो मोठ्यानं वाचला, "यू कॅन काउंट ऑन मी."

"काउंट म्हंजे मोजणं ना रे?" आई रुक्माबाईनं विचारलं. "काय मोजायला सांगून राहिली ती?"

धम्मानंदला हसू आलं. "नुसतं काउंट म्हंजे मोजणं. त्याला ऑन लागलं की अर्थच बदलते, आई. ज्याच्यावर भरवसा, त्याचं नाव ऑनच्या पुढं. 'आय काउंट ऑन माय मदर', म्हंजे माझा आईवर भरवसा हाय. ताई म्हणते, माझ्या भरवशावर निवांत राहा."

"मंग येते म्हणावं की सरळ!"

सकाळी मात्र हिंगोलीत, परीक्षा केंद्राच्या फाटकाशी, तो निवांतपणा पार उडाला. पोरं आत जाऊ लागली. ताईचा फोन बंद. प्रत्येक गाडीच्या आवाजाला धम्मानंद कान टवकारत होता.

"दुसरं कुणी बघावं का?" आईनं विचारलं.

"न्हाई. तिनं शब्द दिलाय. थांबू."

तेवढ्यात एक टेम्पो करकचून थांबला, धावती पावलं जवळ आली आणि हळदीचा वास भपकन नाकात शिरला.

"दादा, आले मी!" संगिताताईला धाप लागली होती. "बस कळमनुरीच्या अलीकडं बंद पडली, फोनची बॅटरी गेली. हळदीच्या पोत्यांवर बसून आले."

"माय माय! जीव टांगणीला लागला होता बघ," म्हणत रुक्माबाईनं पदरानं तिचे पिवळे हात पुसले.

वर्गात ताईनं पहिला प्रश्न हळू आवाजात वाचला. धम्मानंद उत्तराचं पहिलंच वाक्य दोनदा चुकला.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली. "पेपर कुठं पळून न्हाई चालला."

तो घटाघटा पाणी प्यायला. केव्हाचे ताठलेले खांदे सैल पडले.

"लिहा ताई," तो म्हणाला, आणि उत्तर आपोआप ओठांवर आलं.