सारजाच्या जात्यावरचा नंबर

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो, आणि जुनं म्हणून मला हलकं समजू नका. उचलून बघा, कंबर धरेल! इंदापूरच्या पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि सणसरच्या सारजाबाईने वीस वर्षं माझ्यावर ज्वारी दळली. शेजारणी तिच्या पिठाची वाखाणणी करत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडे.

पुढे ती राबायची त्या मळ्यात ऊस आला. मालकाने बांधावरची सारजाची खोपटी मोडून तिथेही सऱ्या पाडल्या. तिच्या नवऱ्याने, गेणूने, माझे दोन्ही दगड दोन खेपांत ओढ्याकाठच्या लिंबाखाली आणले. दोन वर्षं मी तिथं खडबडीत जमिनीवर डुगडुगत दळत होते. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, ही म्हण आमच्यावरूनच निघालेली. गावही हसायचं, "आळशी हायेत, दुसरं काय!"

एकतीस सालच्या शिरगणतीआधी दत्तोबा मास्तर गेरूने घरोघर नंबर घालत आले. त्याच सकाळी गावचे पाटील मोहनराव यांनी बजावलं होतं, "बाजाराच्या दिसाआधी हितनं उठा." सारजाच्या सुनेला, नकोशीला, नववा लागलेला. पोरीला घेऊन जायचं कुठं?

मास्तर लिंबाखालून तसेच पुढे निघाले, तशी सारजा आडवी उभी राहिली.

"आमचा नंबर राह्यला, मास्तर."

"बाई, नंबर दारावर घालत्यात. तुमचं दार कुठं हाय?"

"दार मोडलं, पण जातं हाय की! वाटसरू जातं घिऊन फिरतोय व्हय? आमी घरातली मानसं हाय. घाला ह्याच्यावर!"

मास्तरांनी खाली बसून माझ्या अंगावर बेचाळीस लिहिलं. दगड आहे म्हणून निभावलं, नाहीतर रडलेच असते.

त्यानंतर मास्तर प्रत्येक झाडाखाली, कालव्याच्या भरावावरही गेले. दुसऱ्या दिवशी चावडीत त्यांनी यादी वाचली, ती गेणूने येऊन सांगितली. सतरा चुली, भिंत एकीलाही नाही, आणि कुणाचं घर कशानं गेलं तेही लिहिलेलं. पाटलांनी यादी हातात घेऊन पुन्हा वाचली म्हणे.

"एकाचं घर गेलं तर त्याचं नशीब म्हनलो असतो," ते म्हणाले. "सतरा जनांची नशिबं एकदम कशी फुटतील? ह्ये आता गावाचं काम हाय. कुनी उठायचं न्हाय."

हुश्श! काय सांगू, माझा खालचा दगडसुद्धा सैलावला. अर्जविनंत्या होऊन गावाकडेला जागा मिळाल्या. हसणाऱ्यांनीच कुडाच्या भिंतींना काठ्या तोडून दिल्या, आणि नकोशी चार भिंतींच्या आडोशाला सुखरूप बाळंत झाली.

मित्रांनो, रस्त्याकडेला कुणाची चूल दिसली तर आळशी म्हणून पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा, "तुमचं घर कशानं गेलं?" उत्तर ऐकून घेतल्याशिवाय मात्र हलू नका.