ऐंशी सालचा बादशहा

स्लावोनियाच्या त्या गावावरून बादशहाचं राज्य उठून जमाना लोटला होता. पण खुद्द बादशहा नाणी जमवणाऱ्या तुन्याच्या कपाटात सुखरूप होता. मखमली खणांत त्याच्या चेहऱ्याचे मोठाले दुकात, म्हणजे सोन्याची नाणी, सालवार मांडलेले होते. सुरुवातीला गालमिश्या भरदार, शेवटाला नुसतं म्हातारपण. मधली कित्येक वर्षं चेहरा एकाच साच्यातला आहे, असं जाणकार सांगत. तुन्या म्हणे, "नीट बघा. दरसाल थोडा थोडा दमत गेलाय."

एकच खण रिकामा होता. अठराशे ऐंशीचा.

दुपारी आलुबुखाराच्या दारूचा घोट घेऊन तुन्या लवंडला, की तो खण पापण्यांआड उगवायचा. सूर्यफुलांवरून तरंगत यायचा, कणसांच्या शेतात उतरायचा, आणि आतलं सोनं आता वळून बघणार, तोच शेजारचा कोंबडा आरवायचा. त्या कोंबड्याला दुपार आणि पहाट यांतला फरक कधीच कळला नाही.

ऐंशीचा दुकात कुठं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. विधवा रेझाबाईच्या गळ्यातल्या माळेत, बरोबर मध्यावर. सणाला ती माळ घालून चर्चमध्ये आली, की तुन्याची प्रार्थना चुकायची.

तो विकत मागायला गेला, तेव्हा रेझाबाईनं सरळ सांगितलं होतं, "आपल्याकडं दुकात घर सोडतो तो नवरीच्या अंगावर. पिशवीतून नाही."

"मग नवरी आण की लेका!" त्याचा दोस्त पावो म्हणाला. "नाहीतरी इतकी वर्षं एका मिशीवाल्याबरोबर संसार केलास. आता बदल म्हणून बाईमाणूस बघ."

तुन्यानं थट्टा मनावर घेतली. टोपी झटकली, घरचं धुरावलेलं सॉसेज कागदात गुंडाळलं आणि रेझाबाईचं दार वाजवलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "खरं सांग तुन्या, मी हवी की ऐंशी साल?"

"दोन्ही," तुन्या म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"खोटं बोलला असतास, तर हे सॉसेज कुत्र्याला घातलं असतं." तिनं सुरी काढली. "माझी ना नाही. पण मग रीतीनं व्हायचं. नवऱ्याकडचे दुकात नवरीच्या अंगावर चढतात. सगळे. ओवायला कडीचा कान लावून."

तुन्यानं तोंडाशी नेलेला तुकडा परत खाली ठेवला. जन्मभर गावची लग्नं जेवला होता, आणि नेमकी हीच रीत विसरला होता!

"अगं, कान डाखला की नाणं मेलं! संग्रहात त्याला कुत्रं विचारत नाही."

"हो का? माझ्या ऐंशीच्याला माझ्या आज्जीच्या लग्नापासून कान आहे. त्या मढ्यासाठीच आलायस ना टोपी झटकून?"

तुन्यानं ठेवलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. सॉसेज मात्र चांगलं झालं होतं.

आठवडाभर त्यानं कपाट उघडलं नाही. दुपारी डोळे मिटले की तो खण यायचा, पण आता त्यात सोनं नसायचं. रेझाबाई पाठमोरी बसून सॉसेज कापत असायची. एकदा तर कोंबडाही आरवला नाही. तुन्या तसाच उठला आणि सगळे खण घेऊन जाकोवो शहरातल्या सोनाराकडं गेला.

"काका, एकदा डाख बसला की माघार नाही हं," सोनार म्हणाला.

"लाव. तरण्यापासून सुरुवात कर. म्हाताऱ्याला जरा वेळ दे."

लग्नात तंबुऱ्या, तिकडची छोटी तंतुवाद्यं, नाचाच्या ठेक्यात वाजत होत्या. रेझाबाईच्या छातीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, बादशहा ओळीनं म्हातारा होत चालला होता. मधे कुठंही खंड नव्हता. नाचताना दुकात हलके किणकिणत होते, आणि तुन्या मान खाली घालून एकेक साल पुटपुटत होता. एकोणऐंशी. ऐंशी. एक्क्याऐंशी.

"तुन्या," रेझाबाई कानाशी म्हणाली, "जरा वर बघ. इथं मीही आहे."

तुन्यानं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं साल त्याला काही केल्या वाचता येईना.