चार इंच गुळगुळीत लोखंड

पेन्सिल कागदावरून आडवी फिरत होती आणि कागदावर काहीच उमटत नव्हतं. म्हणजे करडा रंग उमटत होता, एकसारखा, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तेव्हा कडेला यायचा तसा – पण नाण्यावरचा आकडा शेवटी वर यायचाच, आणि इथे एवढ्या लांबलचक नंबरातलं एक अक्षर वर यायला तयार नव्हतं. स्नेहलनं कागद उचलला, सरळ केला, परत लावला. जागा चुकली असेल. सांगाड्याची, म्हणजे चेसिसची, उजवी बाजू, पुढच्या चाकाच्या मागे, वीतभर आत... जागा चुकायला ती काय परक्याची गाडी होती? तिनं कागद बाजूला टाकून अंगठा फिरवला. लोखंड गार होतं, आणि चार इंच अगदी गुळगुळीत होतं.

हे कुणी केलं हा प्रश्न तिला पडलाच नाही. ग्राइंडरनं घासलेलं लोखंड कुणाचंही ओळखू येतं – कुठेतरी चाक जास्त दाबलेलं, कुठेतरी ओरखडा, कुठेतरी लाट. इथे तसलं काही नव्हतं. असा हात उचगावात एकच होता, आणि तो हात या क्षणी मागच्या दारी बसून चहात बटर बुडवत होता.

आठ वाजले होते. बारा वाजता ट्रकवाला येणार होता, कारण नव्या अंगाची नोंद झाल्याशिवाय गाडी स्वतःच्या चाकांवर आरटीओपर्यंतसुद्धा जाऊ शकत नाही. तीन वाजता तपासणी. आणि गाडीचं अंग बदलायला सहा महिन्यांपूर्वी मिळालेल्या मंजुरीची मुदत आज संध्याकाळी संपत होती. आज गाडी पास झाली तर रस्त्यावर येणार, नाहीतर ती या पत्र्याच्या शेडमधलं सहा वर्षांचं खेळणं म्हणून राहणार. तपासणीच्या अर्जाला चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा चिकटवायचा होता, एवढंच एक काम राहिलं होतं. सगळ्यात सोपं म्हणून शेवटी ठेवलेलं.

सहा वर्षं! कोइमतूरहून लाकडी पेटाऱ्यात बसून आलेलं किट – दोन सीटचं ठेंगणं फायबरचं अंग, दिवे, स्टिअरिंग, आणि दीडशे पानांचं पुस्तक, ज्यातली निम्मी चित्रं उलटी छापलेली. खाली सांगाडा शिरोळच्या एका माणसाच्या जीपचा, दोन महापुरांत भिजलेला, पण कागद स्वच्छ. कायद्याच्या लेखी ही तीच जीप होती, फक्त अंग बदललेली... म्हणजे स्नेहलनं जे जे केलं होतं, इंजिन बसवलं, वायरिंग दोनदा उपसून तिसऱ्यांदा केलं, दारं बंद व्हायला लागेपर्यंत चार महिने बिजागऱ्यांशी कुस्ती खेळली, त्याला काडीची किंमत नव्हती. किंमत होती ती त्या चार इंचांना. बाकी गाडी असली नसली तरी चालणार होती.

आणि त्या आरटीओतल्या खेपा. पहिल्या खेपेला कारकुनाच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत असली गाडीच नव्हती, म्हणून त्यानं ती जगात नसल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या खेपेला विचारलं, मॅडम, मिस्टर आले नाहीत का? मिस्टर नाहीत म्हटल्यावर त्याला फाईलमधला एक कागद कमी असल्यासारखं वाटलं. घरी आईचं, म्हणजे तानाबाईचं, निराळंच. स्थळ घेऊन पाहुणे यायचे त्या दिवशी तानाबाई सकाळीच गाडीवर ताडपत्री टाकायची आणि शेडला कुलूप लावायची. मुलीला काय काय येतं हे सांगताना पोह्यांपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं यायचं, गाडी यायची नाही. त्या छत्तीस वर्षांच्या मुलीला एकदा पाहुण्यांसमोर ओरडून सांगावंसं वाटलं होतं की मागे चला, दाखवते... ती ओरडली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

मागच्या दारी आकाराम, म्हणजे तिचे आबा, कपातला शेवटचा घोट बशीत ओतत होते. एकतीस वर्षं त्यांनी फौंड्रीत फेटलिंग केलं होतं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला लोखंडाची खरखर राहते, तिला तिथे बर म्हणतात. ती घासून काढायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हजारांनी. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी बोटं थांबली नव्हती. घराच्या फाटकाची, देव्हाऱ्याच्या घंटेची, एकदा तर शेजारच्या बयाबाईंच्या खलबत्त्याची बर त्यांनी न सांगता काढून दिली होती. हे मला ठाऊक होतं, स्नेहलच्या मनात आलं, मला सगळं ठाऊक होतं आणि तरी काल कागलहून कामावरून येऊन मी त्यांनाच सांगितलं की उद्या इन्स्पेक्टर गाडी बघणार आहेत, तेवढी जरा पुसून ठेवा.

“आबा, काल सांगाड्याला ग्राइंडर लावला काय तुम्ही?”

“लावला की. उजव्या अंगाला खरखर हुती. काढली.”

तो नंबर होता, हे सांगताना तिचा आवाज चढला नाही याचंच तिला नवल वाटलं. आबांनी बशी खाली ठेवली. त्यांना अक्षरं दिसली नव्हती. रंगाच्या दोन थरांखाली होती ती, आणि ते डोळ्यांनी कधी काम करतच नव्हते, बोटांनी करत. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पेटीत लोखंडावर अक्षरं ठोकायचे पंच होते – शून्यापासून नऊपर्यंत, आणि एबीसीडीसुद्धा. नंबर जीपच्या आरसी बुकात लिहिलेला होताच. दहा मिनिटांचं काम.

“नंबर तोच न्हवं? लोखंड बी तेच. मग खोटं कुठं हाय त्यात?”

खोटं कुठं होतं... कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माल तपासताना ती रोज हेच बघायची, खोडून मारलेले शिक्के, आणि ते तिला तीन फुटांवरून कळायचे. आरटीओच्या माणसालाही कळले असते. पण कळले नसते तर? तर मग खरंच खोटं कुठं होतं? तिनं आबांना नको म्हटलं आणि दहा वाजता कचेरी उघडल्यावर अंगणात येऊन ज्या अधिकाऱ्याकडे फाईल होती त्याला फोन लावला.

अधिकारी शांतपणे बोलला, तेच जास्त वाईट होतं. ठशाशिवाय गाडी आणून उपयोग नाही. नंबर पुसला असेल तर तसा अर्ज द्या, आज दिलात तर मुदतीचं वर विचारून बघतो, खात्री देत नाही. अर्जात कुणी पुसला, का पुसला, लिहा. ज्यानं पुसला त्याचा पोलीस ठाण्यात जबाब लागेल, मग लोखंडाची प्रयोगशाळेत तपासणी, मग नव्यानं नंबर मारायची परवानगी. आणि मॅडम, तो म्हणाला, राग मानू नका, पण लपवायचं असल्याशिवाय माणूस चेसिस नंबर घासत नाही, पोलीस पहिलं हेच विचारतील.

म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या आबांना बाकावर बसवून कुणीतरी पोरगा विचारणार, बोला आजोबा, गाडी कुठून उचलली? तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो आरटीओचा होता की पोलिसांचा की आबांचा, तिला निवडता येईना. आबांचाच! फडक्यानं पुसा म्हटलं होतं. फडक्यानं! एका माणसाला एक गोष्ट जशी आहे तशी ठेवता येत नाही म्हणजे काय? ती तरातरा मागच्या दारी गेली.

“पुसायला सांगितलेलं मी. घासायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

आबांनी मान वर केली नाही. “इन्स्पेक्टर बघणार म्हणलीस न्हवं तू. बर तशीच ठिवून माल म्होरं पाठवायचा म्हंजे...” ते थांबले. मग हळूच, तक्रार नसलेल्या आवाजात म्हणाले, “तू तरी सोडली असतीस व्हय?”

तिला एकदम अकरा हौसिंग, गिअरबॉक्सची ती ओतीव कवचं, आठवली. आबांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि त्याच फौंड्रीत तपासणीला लागून तिला तिसरा आठवडा. एका लॉटमधल्या अकरा नगांवर तिनं लाल खडूनं फुली मारली होती – पातळ, केसाएवढी बर, दुसऱ्या कुणी सोडली असती – आणि फुल्या मारून झाल्यावर चिठ्ठीवर कामगाराचा नंबर वाचला होता, आबांचा. वाचूनही तिनं फुल्या पुसल्या नव्हत्या. त्या रात्री आबा जेवताना भाजीला मीठ कमी आहे एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी अकराही नग परत आले, आरशासारखे, आणि तिनं पास केले. त्यावर बापलेकीत एक शब्द झाला नाही. पण कागलच्या मुलाखतीत, तुमच्या कामातला चोखपणा दाखवणारा एखादा प्रसंग सांगा, असं विचारलं तेव्हा तिनं हाच सांगितला होता. हसत सांगितला होता. समोरच्या तिघांनी माना डोलावल्या आणि नोकरी मिळाली... आबांना वाटलं असेल की ती विसरली. तिला वाटलं होतं की ते विसरले.

काल तिच्या तोंडून इन्स्पेक्टर शब्द ऐकल्यावर आबांच्या डोळ्यांसमोर आरटीओचा माणूस आलाच नसणार, लाल खडू घेतलेली ती आली असणार.

फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला. साडेअकराच झाले होते, पण ट्रकवाल्याला पुढे हुपरीचं भाडं होतं, तो थांबणार नव्हता. ती शेडमध्ये आली, बॉनेटवर अर्जासाठी कोरा कागद ठेवला. सदर वाहनाचा चेसिस क्रमांक, तिनं लिहिलं, आणि पुढे, दिनांक, वेळ. मग ‘यांच्याकडून’ या शब्दाआधी जागा सोडली. आबा मागोमाग येऊन उभे राहिले होते.

“माझं नाव घाल. चौकीत येतो की. चोरी केलीया व्हय मी?”

तिनं लिहिलं नाही. आबा खाली वाकले, गुडघा कुरकुरला, सांगाड्यावर हात टेकून त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि सकाळपासून मनात ठेवलेलं असावं तसं विचारलं:

“ते जाऊ दे. पर काम कसं झालंय?”

ती त्यांच्याशेजारी बसली आणि अंगठा त्या चार इंचांवरून नेला, कडेपासून कडेपर्यंत, परत उलटा. बोट कुठेच अडलं नाही. कागलच्या कारखान्यात चारशे माणसं होती, त्यातल्या एकालाही असं जमलं नसतं, आणि हे सांगायला ‘पास’ एवढा एक शब्द पुरे होता, रोज शंभरदा कागदावर लिहायचा शब्द, पण तो आबांना ऐकवायचा म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच्या त्या लॉटपासून सुरुवात करावी लागली असती. बाहेर ट्रकवाला परत भोंगा वाजवत होता. राग अजून तसाच भरलेला होता, फक्त आबांवर काढावा इतका तो आता त्यांचा उरला नव्हता, आणि तो तिचा स्वतःचाच आहे हे सकाळपासून पहिल्यांदाच तिला नीट कळत होतं. आबा अजून उत्तराची वाट बघत होते.