डाळिंबी ठिपका

"बघ, आज पुन्हा हिचा पेला आपल्यात मिसळलाय. सांगून सांगून जीभ झिजली माझी," पॅकिंगच्या सुपरवायझर पुष्पलता मॅडम हेमांगीच्या कानाशी पुटपुटल्या आणि कूलरजवळचा एक स्टीलचा पेला ओढणीच्या टोकात धरून खिडकीत ठेवून आल्या.

पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा डाळिंबी ठिपका होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात चाळीसेक पेले असतील, पण ठिपका एकालाच. तो पेला लाडकीचा. लाडकी आतल्या पाड्यावरची, वारली, पॅकिंगला ठेक्यावर घेतलेली. तिला तोंडावर कधी कोणी काही बोललं नव्हतं. बोलावं लागू नये, म्हणूनच तर ठिपका.

आणि तो लावला होता हेमांगीनं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हेमांगी जवळच्याच दांडी गावच्या मच्छीमार घरातली. डब्यात सुका जवळा आणला म्हणून मॅडमनी तिला पहिला आठवडाभर जिन्यात बसून जेवायला लावलं. मग एक दिवस आपल्या ड्रॉवरमधली नेलपॉलिशची बाटली आणि लाडकीचा पेला पुढं करून म्हणाल्या, "एवढं एक काम कर गं." हेमांगीनं केलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा टेबलावर आला आणि जवळ्याचा वास कुणालाच येईनासा झाला. नाकंसुद्धा वरच्या हुकमानं चालतात, हे तिला तेव्हा कळलं. कळूनही ती गप्प जेवत राहिली.

मेच्या त्या गुरुवारी पॅकिंगच्या पट्ट्यावर लाडकीला उकाड्यानं चक्कर आली. धडपडत ती कूलरपाशी गेली आणि हाताला आला तो पेला तोंडाला लावला. तो ठिपक्याचा नव्हता. शनिवारी कागद तयार: 'अस्वच्छ सवयींमुळे कामावरून कमी करावे.' साक्षीदार म्हणून सही हेमांगीनं करायची.

"सोमवारी हेड ऑफिसचे कृष्णकांत साहेब येतायत. त्यांच्यासमोर कर," मॅडम साखर पेरत म्हणाल्या. "तुझं कायम होण्याचं पत्रही त्यांच्याच बॅगेत आहे. शहाणी आहेस तू."

गेटपाशी लाडकीनं तिला गाठलं. "बाय, तू बगितलास ना, मी नुसता पानी प्यायले. अस्वच्छ म्हंजे काय लिवलंय त्यांनी? मी रोज आंगोल करून येते."

हेमांगी "बघू" म्हणाली आणि रिक्षात बसली.

रविवारी दांडीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत लटकवता लटकवता तिनं आईला, साखरबाईला, सगळं सांगितलं. ठिपका कुणी लावला, तेवढं सोडून.

साखरबाईनं कंबर सरळ केली. "येकाच पेल्याला कसा गो लावला? लावनाऱ्यानं आपल्या पेल्याला पन लावायचा व्हता."

हेमांगीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. संध्याकाळी ती बोईसरच्या बाजारात गेली आणि चार दुकानं फिरून नेमका तोच डाळिंबी रंग शोधून आली.

सोमवारी सात वाजता, कोणी यायच्या आत, तिनं लाडकीचा सोडून सगळे पेले टेबलावर उलटे मांडले. नवरीची नखं रंगवावीत तशा निगुतीनं एकेका बुडावर ठिपका दिला. मॅडमच्या आवडत्या पेल्याला दोन दिले.

दहा वाजल्यापासून मौज सुरू झाली. जो तो पेला उचले, बूड बघे, दुसरा उचले, त्याचंही बूड बघे आणि दोन्ही ठेवून देई.

"आज तहानच नाय लागली," घामानं निथळणारा मशीनवरचा धर्मेश म्हणाला.

"मला पण नाय," दुसरं कोणी म्हणालं.

तक्रार कोणी करेना. करायची तर ठिपका कशाचा, ते आधी सांगावं लागलं असतं. लाडकी तेवढी आली, एक बूड बघितलं, शेजारचं बघितलं, आणि सगळ्यांदेखत दोन पेले गटागटा प्यायली. मॅडमचे ओठ दुपारपर्यंत पापडासारखे झाले. हेमांगी ते ओठ परत परत बघत होती. तिला बरं वाटत होतं, पण वाटायला हवं होतं तेवढं नाही.

साहेब बाराला आले. आल्या आल्या कूलरकडं गेले आणि पेला भरून घेतला.

"साहेब, त्यातनं नको," मॅडम घाईनं म्हणाल्या. "बाटली मागवते मी."

"का? याला काय झालं?"

साहेबांनी पेला उंच धरून खालून बघितला, मग शेजारचे दोन बघितले. "हे कसले ठिपके?"

"पोरींचा चावटपणा हो," मॅडम हसल्या आणि लाडकीचा कागद टेबलावर सरकवला. "एवढी सही झाली की आपण जेवायला जाऊ." पेन त्यांनी हेमांगीच्या हातात दिलं. कागदाशेजारीच साहेबांची बॅग होती, पत्राचं पाकीट अर्धं बाहेर आलेलं. लाडकी पट्ट्यापाशी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद कुणाचा ते समजत होतं.

हेमांगीनं पेनाला टोपण लावलं.

"ठिपका आधी एकालाच होता, साहेब. लाडकी वारली आहे ना, तिचं उष्टं आम्हाला लागू नये म्हणून. रंगाची बाटली मॅडमची." तिनं मान वळवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच लाडकीच्या डोळ्यांत बघितलं.

"आन् लावला मी."