नेम चुकला नव्हता

“शिट्टी वाजल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. लावलंत, तर ते बोट घरी न्यायला पिशवी आणा.”

गोळीबाराच्या मैदानावर नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली ही ताकीद अजून माझ्या नळीत घुमते. मित्रांनो, मी पोलीस ठाण्यातले एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. पोलाद तापवून, कापून, घासून मला घडवले, चक्रात सहा घरे पाडली आणि तेल चोपडून पेटीत निजवले. माझ्या तोंडून गोड शब्द कधी निघायचा नाही, हे जन्मतःच ठरलेले होते.

बरीच वर्षे मी एका महिला शिपायाच्या कमरेला असे. अंगाने लहानखुरी म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. मैदानावर मात्र चिमणीचा हात धरणारे कोणी नव्हते. पाय रोवायचे, श्वास सोडायचा आणि शिट्टीची वाट पाहायची. शिट्टी वाजली की सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळात. उस्ताद बाकीच्यांना म्हणत, तुम्ही आभाळाला भोके पाडता, जरा हिच्याकडे बघा. त्या कौतुकाने मीही फुगून जाई.

मग एके दुपारी सराफाच्या दुकानावर दरोडा पडला. आमची जीप तिथे पोचली आणि ती चालवणारे हवालदार आधी उतरले. ठाण्यात सगळे त्यांना मामा म्हणत. दुकानातून एक जण कोयता घेऊन धावत आला आणि पहिला घाव मामांच्या खांद्यात बसला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. मामा पायरीवर कोसळले. चिमणीने मला उपसले होते, माझे तोंड दरोडेखोराच्या छातीवर होते, मध्ये कोणी नव्हते. पण तिचे बोट चापाबाहेर ताठ उभे राहिले.

“अगं, मार!” मामा ओरडले.

दुसरा घाव त्यांच्या मानेवर पडला. रक्ताची चिळकांडी चिमणीच्या बुटांवर उडाली, तेव्हा कुठे बोट हलले. ती भराभर चाप ओढत गेली आणि एकापाठोपाठ एक गोळ्या दुकानाच्या शटरमध्ये घुसल्या. शेवटची त्या माणसाच्या मांडीत गेली आणि तो पडला. मामांनी पायरीवरच प्राण सोडला.

त्या दिवशी चिमणी एवढेच बोलली, “उस्ताद, मी शिट्टीची वाट बघत होते.” उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला.

पुढे मामी नवऱ्याचा डबा आणि चपला न्यायला ठाण्यात आल्या. चिमणी भिंतीला टेकून उभी होती. माझाच नेम चुकला, माझ्या हाती पुन्हा हत्यार देऊ नका, मी नोकरी सोडते, असे तिचे चालले होते. मामींनी शिव्याशाप दिले नाहीत. त्यांनी उस्तादांना विचारले, मैदानावर हिचा नेम चुकायचा का? उस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

“मग नेम नाही चुकला,” मामी म्हणाल्या. “मैदान चुकलं.”

उस्तादांनी चिमणीला सोडून जाऊ दिले नाही. मैदानाचा मात्र अवतारच पालटला. शिट्टी बंद झाली. आता धावत यायचे आणि धापा टाकत मला उपसायचे. कानाशी पत्र्याचे डबे बडवले जात, मागून कोणीतरी धक्का देई, धुरातून पुठ्ठ्याची माणसे अचानक समोर वळत. कोणाच्या हातात सुरा, कोणाच्या कडेवर तान्हे मूल. पहिल्याच दिवशी चिमणीची गोळी तान्ह्याच्या कपाळातून आरपार गेली. ती बाजूला जाऊन भडभडून ओकली. उस्ताद तिच्याजवळ उकिडवे बसले.

“खऱ्या लेकरापायी नाही, पुठ्ठ्यापायी ओकलीस, हे बरं झालं. चूळ भर. परत धाव.”

ती रोज धावली. हळूहळू तिचे बोट डोळ्यांचे ऐकू लागले.

त्यानंतरचा एका चाळीतला तो अरुंद जिना मला विसरता येत नाही. दारूने बेभान झालेल्या एकाने शेजाऱ्याचे पोट फाडले होते. शेजारी पोटावर हात दाबून पायऱ्यांवर विव्हळत होता. वर तो माणूस स्वतःच्या आईचे केस मुठीत धरून, सुरी तिच्या गळ्याला लावून उभा. चारी मजल्यांवर किंकाळ्या. चिमणीची छाती भात्यासारखी चालली होती, पण माझे तोंड जराही हलत नव्हते. मायलेक एकमेकांत अडकलेले होते, म्हणून ती थांबली. “सुरी टाक, भाऊ,” ती हळूच म्हणाली. त्याने आईला पुढे लोटले आणि भोसकायला हात उगारला. त्याचा खांदा उघडा पडला. एकच गोळी सुटली. खांद्याच्या चिंध्या झाल्या आणि सुरी खणखणत जिन्यावरून खाली गेली.

गळ्यावर रक्ताची रेघ घेऊन म्हातारी आधी लेकावरच पडली. मग चिमणीचा हात धरून म्हणाली, “माझा जीव वाचवलास, बाई. पण तो शुद्धीवर आला की पहिलं पाणी तूच पाज त्याला. गोळी वैऱ्याची नव्हती, हे कळू दे त्याला.”

“पाजीन, आजी.”

मित्रांनो, आता माझी नळी झिजली आहे. लवकरच मला भट्टीत वितळवतील. जाता जाता एकच विनवणी. आम्हा हत्यारांना तुम्ही पुसता, तेल पाजता, कुलपात ठेवता. आम्हाला धरणाऱ्या हाताचीही तेवढीच निगा राखा. त्याला शांत मैदानात शाबासकी देऊन मोकळे होऊ नका. रोज पाळलेला नेमच वेळेला लागतो.

जिन्यातल्या त्या दिवसानंतर दवाखान्यातून निरोप आला, त्या माणसाने डोळे उघडले होते. चिमणीने मला रिकामे केले आणि शस्त्रागाराच्या खिडकीतून आत दिले. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पाण्याची बाटली भरली, आणि कोणाला काही न सांगता ती फाटकाबाहेर चालू लागली.