मालक घरी राहतात का?

व्हँकुव्हरमध्ये घर असलं की दरवर्षी पालिकेला कळवावं लागतं, घरात कुणी राहतं की ते रिकामं आहे. रिकामं म्हटलं की कर असा बसतो की माणसाचं कंबरडंच मोडावं. झोर्कानं पालिकेच्या अर्जात मुलाच्या घरापुढे ठसठशीत खूण केली होती : मालक इथेच राहतात.

मालक म्हणजे युरे, तिचा थोरला. गेल्या वर्षी मार्चमध्ये हेरिंग मासळीच्या हंगामाला गेला. बोट सापडली, तो सापडला नाही.

तरी म्हातारी रोज सकाळी दोन गल्ल्या चालून त्याच्या घरी जायची. खिडक्या उघडायची, चादरी बदलायची, माशाचा रस्सा करून ठेवायची. आता हे घर रिकामं कसं, सांगा बरं! पण पालिकेला रस्सा चालत नाही, पुरावा लागतो. यंदा जूनमध्ये गेल्या वर्षाच्या तपासणीचं पत्र आलं आणि धाकटी व्हेस्ना तणतणत आली.

"आई, खोटं कशाला लिहिलंस गं?"

"खोटं काय त्यात? तुझा बाप आठ-आठ महिने दर्यावर असायचा. तेव्हा कुणी म्हणालं का, त्याचं घर रिकामं म्हणून?"

"बाबा परत यायचे, आई."

"जीभ आहे की सुरी गं तुझी!" झोर्का म्हणाली आणि तिनं गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी व्हेस्ना तिला वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाई बिचाऱ्या हळू आवाजात समजावत होत्या. मालक वारला तर त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा कर माफ होतो. देह मिळालेला नाही, तेव्हा कोर्टाकडून तसं ठरवून घ्यावं लागेल. त्यासाठी आईनं शपथेवर लिहून द्यायचं, मुलगा कधी गेला असं ती मानते.

"गेल्या वर्षीच्या मार्चची तारीख घाला, म्हणजे सुटलात," बाई म्हणाल्या. "नाहीतर पंचेचाळीस हजार डॉलर, वर दंड."

"कुठून आणायचे गं एवढे?" व्हेस्ना म्हणाली. "त्याचं घरच विकावं लागेल."

झोर्कानं कागद पुढे ओढला. चर्चमध्ये युरेसाठी प्रार्थना ठेवली तेव्हा ती गेली नव्हती. पंधरा महिन्यांत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र अक्षरं दिसेनात इतकं पाणी आलं. तिनं तोंड न लपवता, तशीच सगळ्यांसमोर रडत तारीख लिहिली, सही केली.

व्हेस्नानं वाकून पाहिलं. तारीख आजची होती.

"अगं आई, काय केलंस हे! मार्च लिही ना. घर जाईल त्याचं!"

"जाऊ दे. मार्चमध्ये मी त्याच्या चादरी धूत होते. या खुर्चीत बसेपर्यंत माझा पोरगा जिवंत होता. मी त्याला आज मारलाय, व्हेस्ना. शपथेवर दुसरी तारीख कशी घालू?"